हात संध्याकाळी जागा होईल

थोरलीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि धाकटीची नोकरी दिवसभर ऐकत बसण्याची होती. एका कंपनीच्या मदतकक्षात ती फोनवर लोकांच्या तक्रारी घ्यायची. ‘वाटप करताना दोघींचे कान एकीलाच गेले,’ असं त्यांची आई म्हणायची. थोरलीला हा विनोद कधीच आवडला नाही. धाकटी तोंडाने बोलायच्या आधी हातांनी बोलायला शिकली, कारण तिच्याशी खेळायला घरात ताईशिवाय कोणी नव्हतं. पुढे ताईच्या शाळेत, बँकेत, लग्नाच्या बोलण्यात, जिथे जिथे समोरच्याला खुणा कळत नव्हत्या तिथे धाकटी मध्ये उभी राहिली.

थोरली चष्म्याच्या दुकानात कामाला होती. मागच्या खोलीत यंत्रावर फ्रेमच्या मापाने काचा घासायच्या, कडा गुळगुळीत करायच्या, फ्रेममध्ये बसवायच्या. एके दिवशी वरच्या फळीवरचा खोका काढायला ती चाकाच्या खुर्चीवर चढली. शेजारी चांगलं स्टूल होतं. पण आळस म्हणजे आळस. खुर्ची सरकली, थोरली उजव्या हातावर आपटली आणि मनगट चमच्यासारखं वाकलं.

मोठ्या इस्पितळातल्या हाडांच्या डॉक्टरांनी फोटो बघून सांगितलं की धातूची पट्टी आणि स्क्रू बसवावे लागतील. बोलताना ते दर वाक्यामागे घड्याळाकडे बघत होते, म्हणून थोरलीने जिना उतरेपर्यंत त्यांना नाव ठेवून टाकलं. मनगटावर दोनदा बोट आपटायचं, की झाले ते. घड्याळ्या.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी भूल देणाऱ्या डॉक्टर भेटायला आल्या. पंचेचाळिशीच्या, डोक्याला ठिपक्यांची कापडी टोपी. त्या धाकटीकडे न बघता थेट थोरलीकडे बघून बोलल्या. हे फार कमी लोकांना सुचतं. थोरलीला त्या आवडल्या. त्यांचं नाव पडलं ठिपकेवाली.

“पूर्ण भूल देत नाही,” त्या म्हणाल्या. “गळ्याखालच्या या आडव्या हाडामागून हाताच्या नसा जातात. तिथे बधिर करायचं औषध सोडते. हात तेवढा झोपेल, तुम्ही जाग्या.”

“किती वेळ झोपेल?” थोरलीने विचारलं. धाकटीने तोंडाने सांगितलं.

“सकाळी देणार. संध्याकाळी दिवे लागायच्या सुमाराला बोटं हलायला लागतील.”

थोरलीने दोनदा विचारून घेतलं. मग डावा पंजा पुढे केला. “सलाईनची सुई इथे नको. उजवा हात तुम्ही झोपवणार. बोलायला मला एवढाच राहतो.”

“खरंच की,” ठिपकेवाली म्हणाली. “कोपराच्या खाली लावते. बोटं मोकळी राहतील.”

त्या भरवशावर घरच्यांनी सगळं ठरवलं. धाकटी दुपारपर्यंत थांबणार, मग तिच्या कामाच्या पाळीला जाणार. संध्याकाळी काम आटोपून थोरलीचा नवरा येणार. तो प्लंबर होता, त्यालाही ऐकू येत नव्हतं. दोघं एकाच शाळेतले. तो येईपर्यंत उजवी बोटं हलायला लागलेली असतील, डावी मोकळी असतील, मग दुभाष्याची गरज कुणाला आहे, असा हिशेब.

सकाळी ऑपरेशनच्या खोलीच्या दारात धाकटीला अडवलं. “आत फक्त पेशंट.”

“तिला ऐकू येत नाही. मी तिच्यासाठी बोलते.”

“आत कुणी बोलायची गरज नसते हो, आम्ही करतो सगळं नीट,” दारावरचा माणूस म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.

आत सगळ्यांच्या तोंडावर मास्क. थोरलीला ओठ थोडेफार वाचता यायचे, तेही गेलं. ठिपकेवालीने मात्र मास्क क्षणभर खाली ओढून “आता थोडं टोचेल” असं सावकाश म्हटलं. सोनोग्राफीच्या यंत्राचा पडदा तिने थोरलीकडे वळवला. करड्या पडद्यावर नसांचा लहानसा घोस दिसत होता आणि त्याच्याकडे सरकणारी सुईची पांढरी रेघ. थोरली मान तिरपी करून बघत राहिली. भीती कुठल्या कुठे गेली होती.

तेवढ्यात हात धुऊन घड्याळ्या आत आले.

“त्यात स्टिरॉइड घाल,” ते ठिपकेवालीला म्हणाले.

“सर, मी यांना संध्याकाळपर्यंत सांगितलंय.”

“मग काय झालं? उद्या दुपारपर्यंत झोपू दे हात. मागच्या पेशंटच्या घरच्यांनी दुखतंय दुखतंय करून मला भंडावून सोडलं. सगळे घालतात आता.”

“हो, घालतात. पण यांना एकदा...”

“कसं विचारणार आहेस आता? बहीण बाहेर. घाल आणि चल, पुढे तीन केस आहेत.”

ठिपकेवालीने क्षणभर थोरलीकडे बघितलं. मग शेजारच्या ट्रेमधली छोटी कुपी उचलली, औषध सिरिंजमध्ये ओढून घेतलं आणि बधिरीच्या औषधात मिसळलं.

हे सगळं थोरलीच्या अंगावरून, तिच्या दोन बाजूंना उभं राहून चाललं होतं. ऐकू येणारं कुणीही त्या टेबलावर असतं तर मान वर करून म्हणालं असतं, अहो, कसलं स्टिरॉइड, कुणाच्या हातात घालताय? थोरलीला फक्त दोन मास्क हलताना दिसले. ती ठिपकेवालीकडे बघून हसली. ठिपकेवालीने नजर पडद्याकडे वळवली.

ऑपरेशन छान झालं. घड्याळ्यांचा हात चांगला होता, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही. दुपारी वॉर्डात थोरली उशीवर उजवा हात ठेवून पडली होती. तो हात तिचा वाटतच नव्हता. डाव्या हाताने ती धाकटीला सांगत होती, “उकडलेल्या बटाट्यासारखा झालाय. उचलून बघ, केवढा जड आहे.” दोघी हसल्या. धाकटी तिच्या कपाळावर हात फिरवून पाळीला गेली.

त्यानंतर सलाईन अडलं. वॉर्डातल्या सिस्टरने कोपराखालची सुई काढली आणि नवी डाव्या पंजाच्या पाठीवर लावली. हात वाकला की सलाईन पुन्हा अडेल, म्हणून बोटांपासून मनगटापर्यंत खाली लाकडी फळी देऊन वरून पट्टी गुंडाळली. थोरलीने मान हलवून नको नको केलं, हात मागे ओढला. “टोचतं थोडं, लहान मुलासारखं काय करता,” असं म्हणत सिस्टरने गाठ मारली. चाळीस खाटांना दोन सिस्टर होत्या. पंजावर सुई नको हे जिला सांगितलं होतं ती खालच्या मजल्यावर चौथ्या पेशंटला भूल देत होती.

खिडकीबाहेर ऊन उतरलं. वॉर्डातले दिवे लागले. थोरली उजव्या बोटांकडे बघत होती. हलली नाहीत.

तिने जोर लावला. अंगठा हलवायचा म्हणून सगळं अंग ताठ केलं. काही नाही. हनुवटीने चादर बाजूला सारून तिने वाकून बोटांच्या टोकांना गाल लावून पाहिला. गालाला बोटं लागली, बोटांना गाल लागला नाही. आणखी वेळ गेला. समोरच्या खाटेवरच्या बाईचं रात्रीचं जेवण आलं. संध्याकाळ सरत आली होती, आणि डॉक्टर स्वतःच्या तोंडाने, तिच्याकडे बघून, संध्याकाळ म्हणाल्या होत्या. नस कापली गेली. ऑपरेशनमध्ये चुकून कापली, आणि मला कुणी सांगत नाहीये. दुसरं काय वाटणार? काचा घासणारा हात, नवऱ्याशी बोलणारा हात, धाकटीला तिच्या पाळण्यावर वाकून पहिला शब्द शिकवणारा हात, तो गेला.

तिने घंटीचं बटण कोपराने दाबलं. सिस्टर आली.

विचारायचं कशाने? उजवा हात मेलेला, डावा फळीला बांधलेला. तिने डोळ्यांनी उजव्या हाताकडे दाखवलं, भुवया उंचावल्या, मान हलवली.

“दुखतंय?” सिस्टरने मोठ्यांदा तोंड करून विचारलं. तो शब्द थोरलीला ओठांवरून कळला. तिने जोरात मान हलवली. नाही.

“नाही ना दुखत? छान. मग झोपा.” सिस्टरने खाटेच्या पायथ्याच्या तक्त्यावर काहीतरी खूण केली आणि ती वळली.

तेव्हा थोरलीने आवाज काढला. शाळेत असताना एका मास्तरांनी तिला घसा फोडून बोलायला लावलं होतं आणि वर्ग हसला होता. त्या दिवसापासून घराबाहेर तिने आवाज काढलेला नव्हता. आता काढला. शेजारच्या खाटेवरची म्हातारी दचकून उठून बसली. समोरच्या बाईच्या मुलीने कानांवर हात ठेवले. दाराशी उभा असलेला कुणाचा तरी नातेवाईक हसला. थोरलीला ऐकू येत नव्हतं, दिसत सगळं होतं.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात, तसं तिचं झालं. तिने डावा हात तोंडाशी नेला आणि दातांनी पट्टीची गाठ ओढली. पट्टी सुटली, फळी खाली पडली, तिच्याबरोबर सुईही निघाली आणि चादरीवर रक्ताची धार लागली. पण बोटं मोकळी झाली. रक्ताळलेल्या डाव्या हाताने ती सिस्टरला विचारू लागली. उजव्या हाताकडे बोट, मग मरण्याची खूण, मग प्रश्नाचा चेहरा. हा मेला का? मेला का? एवढंच. दुसरं काही नाही.

सिस्टरला दिसली ती रक्ताने माखलेला हात हवेत फिरवत विचित्र आवाज काढणारी बाई. “पेशंट बिथरली,” ती ओरडली. दोन वॉर्डबॉय धावत आले. एकाने खांदे दाबले, दुसऱ्याने डावा हात खाटेच्या दांड्याला पट्टीने बांधला. सिस्टरने मांडीत झोपेचं इंजेक्शन दिलं. सिस्टर वाईट बाई नव्हती. बांधताना तिने पट्टीखाली कापूस ठेवला, वळ उठू नयेत म्हणून.

थोरलीचा नवरा आला तेव्हा भेटीची वेळ संपत आली होती. बायकोचा एक हात प्लास्टरमध्ये, दुसरा दांड्याला बांधलेला, डोळे अर्धवट मिटलेले, चादरीवर रक्त. तो मुळात थंड डोक्याचा माणूस. पाइप फुटून पाणी छताला लागलं तरी आधी चहा घेणारा. त्याने पिशवी खाली ठेवली, अवजारांतली कात्री काढली आणि पट्टी कापली. वॉर्डबॉय मध्ये आला. नवऱ्याने त्याला एका हाताने लांब धरलं आणि दुसऱ्या हाताने फोनवर धाकटीला व्हिडिओ लावला. काही सांगितलं नाही. फक्त फोन खाटेवर फिरवला. आधी दांड्यावर लोंबणारी पट्टी, मग थोरलीचा चेहरा, मग चादर.

धाकटी त्या वेळी एका ग्राहकाला ‘आपली गैरसोय आम्ही समजू शकतो’ असं म्हणत होती. वाक्य अर्धवट टाकून ती उठली.

ती पोचली तोवर थोरलीला अर्धवट जाग आली होती. डाव्या हाताने तिने तोच प्रश्न विचारला. मेला का? धाकटीने सिस्टरला विचारलं, सिस्टरला माहीत नव्हतं. सिस्टरने ड्यूटीवरच्या शिकाऊ डॉक्टरला बोलावलं, त्यालाही माहीत नव्हतं. त्याने ठिपकेवालीला घरी फोन लावला आणि फोन ठेवून अगदी सहज म्हणाला, “अहो, काही नाही. स्टिरॉइड घातलंय. उद्या दुपारपर्यंत असाच राहील.”

धाकटीने हे ताईला सांगितलं. थोरलीचे डोळे भरून आले. ते कोरडे झाले तेव्हा त्यांत जे आलं ते बघून धाकटीच मागे सरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघंही डॉक्टर राउंडला आले. थोरली उठून बसली होती. रात्रभर ती डाव्या हाताने वाक्यं जुळवत होती. तिची डावी बोटं अडखळत होती, जणू बोबडं बोलणं, आणि त्याचाही तिला राग येत होता.

“मी सांगते ते जसंच्या तसं सांग,” तिने धाकटीला बजावलं.

“तुम्ही मला न विचारता औषध घातलं, हे तिला पटलेलं नाही,” धाकटीने सुरुवात केली.

थोरलीने तिच्या दंडावर चापट मारली. ओठ ती वाचत होती. “मी ‘पटलं नाही’ म्हटलं? मी काय म्हटलं ते सांग.”

धाकटी पुन्हा डॉक्टरांकडे वळली. “ती म्हणते, तुम्ही दोघं चोर आहात.”

घड्याळ्यांनी घड्याळाकडे बघितलं. “हे बघा, भावना समजतो मी. पण काल रात्री एक कळ तरी आली का? लोक यासाठी हात जोडतात. आपण त्यांच्या भल्याचंच केलं.”

“‘भावना समजतो’ हे मी रोज शंभर लोकांना म्हणते,” धाकटी म्हणाली. ती आता दुभाषी राहिली नव्हती. “मला पगार मिळतो त्याचा. मला शिकवू नका. उद्या तुमच्या दातांच्या डॉक्टरने न सांगता दीड दिवस तुमची जीभ बधिर केली आणि वर तुम्हाला खाटेला बांधलं, तर तुम्ही त्याचे आभार मानाल?”

“बांधण्याचा आणि औषधाचा काय संबंध? ते वॉर्डाचं काम. मी सिस्टरकडून खुलासा मागवतो.”

थोरलीला हे कळवलं तेव्हा तिने मान हलवली. “तिचंही चुकलं. तिच्याशी मी वेगळी भांडेन. पण हात कधी जागा होणार, हे तिला तरी कुणी सांगितलं होतं का? चोर सोडून संन्याशाला फाशी नको.”

ठिपकेवाली मागे उभी होती. आज टोपी नव्हती. ती खाटेजवळ आली, थोरलीच्या समोर उभी राहिली. “बहुतेक सगळे हो म्हणतात,” ती म्हणाली. “म्हणून मला वाटलं, विचारलं काय आणि नाही विचारलं काय.”

थोरली तिच्याकडे बघत राहिली. घड्याळ्यांवरचा राग सोपा होता, तो माणूस पहिल्यापासून तसाच होता. पण हिने पडदा वळवून दाखवला होता.

“मीही हो म्हटलं असतं कदाचित,” थोरलीने सावकाश सांगितलं. डाव्या हाताने प्रत्येक शब्द वेगळा. “दुखणं कुणाला हवंय? हात उद्या दुपारपर्यंत झोपणार म्हणाला असतात, तर नवऱ्याला रजा घ्यायला लावली असती. धाकटीला थांबवलं असतं. भीती वाटली नसती. तुम्ही माझं ‘हो’ स्वतःच म्हणून टाकलंत. हात मेला असं समजून घाबरले रात्री, आणि तुमच्या तक्त्यावर लिहिलंय, वेदना नाही.”

धाकटीने या खेपेला एकही शब्द मऊ केला नाही. घड्याळ्या पुढच्या खाटेकडे निघून गेले. ठिपकेवाली तिथेच उभी राहिली आणि मग तीही गेली.

दुपारी थोरलीच्या करंगळीत मुंग्या आल्या. मग अंगठ्यात. मग मनगटातून अशी कळ आली की तिने उशी दातांत धरली. प्लास्टरच्या टोकाला चार बोटं थरथरत हलली. त्या बोटांनी तिने पहिला शब्द केला तो घड्याळ्यांच्या नावाला जोडलेला आणि इथे लिहिण्यासारखा नाही. नवरा इतका हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी विचारलं, “काय म्हणाली ती?” धाकटी म्हणाली, “बरं वाटतंय म्हणते.”

थोरलीने तक्रार केली. बऱ्याच दिवसांनी इस्पितळाच्या प्रमुखांनी बोलावलं. लांबलचक टेबल, पाण्याच्या बाटल्या, पलीकडे घड्याळ्या, ठिपकेवाली आणि ती सिस्टर. प्रमुखांनी सुरुवात केली, “आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल...”

थोरलीने हात वर केला. प्लास्टर निघालं होतं, मनगट अजून ताठ होतं. “गैरसोय म्हणजे लिफ्ट बंद असणं. हा शब्द मी घेणार नाही. दुसरा आणा.”

प्रमुखांनी समोरचा कागद उलटला. त्यांनी विषय सिस्टरवर नेला. नियमाबाहेर बांधलं, कारवाई होईल. सिस्टर खाली मान घालून बसली होती. तेव्हा ठिपकेवाली बोलली.

“औषध मी घातलं. सर म्हणाले म्हणून घातलं, हे खरं. पण सुई माझ्या हातात होती आणि पेशंट माझ्याकडे बघत होती. वॉर्डाला कळवायचं कामही माझं, ते मी केलं नाही. कारवाई करायची तर इथून सुरू करा.”

“हे सगळीकडे चालतं,” घड्याळ्या तडकून म्हणाले. “जगात सगळीकडे.”

“औषध चालतं, सर. न विचारणं कसं चालतं?”

“तेव्हा का नाही बोललीस?”

“बोलले होते. अर्धं बोलले आणि गप्प बसले. त्याचंच सांगतेय.”

धाकटीचे हात भराभर चालत होते. थोरली एकदा डॉक्टरांकडे बघत होती, एकदा धाकटीच्या हातांकडे. ऑपरेशनच्या खोलीत तिच्या अंगावरून काय बोलणं झालं होतं, ते तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तिचा राग कमी झाला नाही. उलट वाढला. विचारायचं या बाईच्या तोंडाशी आलं होतं, आणि तिने गिळलं.

निकाल म्हणाल तर असा लागला. सिस्टरला लेखी ताकीद, ती थोरलीने भांडून तोंडी करवली. मग जिन्यात सिस्टरला गाठून, धाकटीला मध्ये घालून, स्वतः चांगलं सुनावलं. घड्याळ्यांना काही झालं नाही. ठिपकेवालीला त्यांनी आपल्या यादीतून काढून टाकलं आणि ती दुसऱ्या इमारतीत बाळंतिणींना भूल द्यायला गेली. एक गोष्ट बदलली. ज्याला ऐकू येत नाही त्याचा माणूस आत येईल, आणि औषधात काही वाढवायचं तर आधी पेशंटला सांगायचं, असा नियम निघाला. प्रमुखांना वर्तमानपत्राची धास्ती होती म्हणून निघाला, असं धाकटीचं मत.

वर्षभराने मनगटातल्या पट्टीचा एक स्क्रू कातडीला टोचू लागला. पट्टी काढायची ठरली. थोरलीने दुसरा सर्जन मागितला आणि भूल द्यायला ठिपकेवाली मागितली. धाकटी चक्रावली. “जगात दुसरं कुणी नाही?”

“आहेत. पण ही आता विसरणार नाही,” थोरली म्हणाली. “नवीन माणसाला पहिल्यापासून शिकवायची मला ताकद नाही.”

धाकटी या वेळी आत गेली, डोक्याला टोपी, पायात मोठे झालेले प्लास्टिकचे बूट. ठिपकेवालीने मास्क खाली घेतला आणि खुर्ची ओढून थोरलीसमोर बसली.

“साधं औषध दिलं तर संध्याकाळी जाग येईल आणि दुखेल. स्टिरॉइड घातलं तर उद्या दुपारपर्यंत बहुतेक दुखणार नाही, पण हात तोवर हलणार नाही. नेमका वेळ माणसागणिक मागेपुढे होतो. हे औषध अशा वापरासाठी आहे असं बाटलीवर छापलेलं नसतं, पण आम्ही बरेच जण वापरतो. नसांना त्रास झाल्याचं सहसा दिसत नाही, साखर थोडी वाढू शकते. काहीही ठरवलं तरी डावा हात मोकळा राहील. काय करू?”

थोरलीने बराच वेळ घेतला. बाहेर कुणीतरी दार ठोठावलं. ठिपकेवाली वळली नाही.

“नको,” थोरली म्हणाली. “साधंच द्या.”

“ठीक.” ती उठली आणि मग थांबली. “अजून राग आहे?”

“आहे,” थोरलीने सांगितलं.

ठिपकेवालीने मान डोलावली, मास्क वर घेतला आणि हात धुवायला गेली.

संध्याकाळी हात जागा झाला आणि वचन दिल्याप्रमाणे दुखला. चांगलाच दुखला. गोळ्या घेतल्या तरी दुखला. थोरलीने आधी घड्याळ्यांना शिव्या घातल्या, त्यांचा आज काही संबंध नसताना. मग ठिपकेवालीला, जिने विचारलं होतं. मग खुर्चीला, स्क्रूला, आणि स्टिरॉइड नको म्हणणाऱ्या स्वतःलाही. सगळं दोन्ही हातांनी. नवरा खाटेशेजारी बसून बघत होता. दिवसभर वाकून पाइप जोडलेला माणूस, किती बघणार? शेवटी त्याने डोळे मिटले. खुणांच्या घरात बोलणं थांबवायचा हा एकच उपाय, आणि भांडण लावायचाही.

थोरलीने डाव्या हाताने त्याचा खांदा गदागदा हलवला. त्याने डोळे उघडले. तिने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.